जॅझ ऐकायला बसताना: सोलापुरातील नव्या श्रोत्यासाठी क्रमवार मार्गदर्शन

सोलापुरात बसून जॅझ ऐकू इच्छिणाऱ्याची अडचण आता संगीत मिळण्याची राहिलेली नाही, कारण शंभर वर्षांचे ध्वनिमुद्रण फोनवर हाताशी आहे. अडचण आहे ती सुरुवात कुठून करावी हे सांगणारे माणूस आसपास नसण्याची. मी सुरुवात केली तेव्हा 'ऐकायलाच हवेत असे पन्नास अल्बम' अशा थाटाची एक यादी वहीत उतरवून घेतली आणि वरून खाली ऐकत गेलो. चौथ्या क्रमांकावर सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' होता. त्यात दोन चौकड्या एकाच वेळी वाजतात, एक डाव्या कानात आणि दुसरी उजव्या कानात, आणि हे सुमारे ३७ मिनिटे चालते. दहाव्या मिनिटाला वडील खालच्या मागाच्या शेडमधून वर आले आणि नेमके काय बिघडले आहे ते विचारून गेले. त्यानंतर वर्षभर मी जॅझच्या वाटेला गेलो नाही.

तो अल्बम वाईट नाही. तो चौथ्या दिवशी ऐकायचा नाही, एवढेच. माझ्या अनुभवावरून सांगायचे तर नव्या श्रोत्याने यादी बाजूला ठेवावी, एकच रचना आवर्तन मोजत पुष्कळ वेळा ऐकावी आणि पुढचा रस्ता त्या रचनेतील वादकांच्या नावांवरून शोधावा. ज्याच्या कानावर लहानपणापासून भजनाचा ठेका आणि तबल्याची सम पडली आहे, त्याची निम्मी तयारी झालेलीच असते.

१. सुरुवातीला जवळ काय असावे

- वायरचा साधा, पण कान पूर्ण झाकणारा हेडफोन
- संगीत ऐकवणाऱ्या कोणत्याही एका सेवेचे जाहिरातविरहित सदस्यत्व
- रेघांची वही आणि पेन
- सलग पाऊण तास

हेडफोनचा आग्रह शौकापोटी नाही. डबल बास या उभ्याने वाजवायच्या मोठ्या तंतुवाद्याची सर्वांत खालची तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर बोलते आणि फोनच्या इवल्याशा स्पीकरला तो आवाज पेलतच नाही. बास ऐकू न येणारे जॅझ म्हणजे बायाशिवाय वाजणारा तबला. पहिले कित्येक महिने मी फोन तांब्यात उभा करून ऐकत होतो आणि या संगीताला बूड नाही अशी तक्रार करत होतो.

सेवेच्या मांडणीत गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारी सोय आणि अल्बम संपल्यावर आपोआप दुसरे काही लावणारी सोय, या दोन्ही बंद कराव्यात. 'अभ्यासासाठी जॅझ', 'पावसातले जॅझ' अशा नावांच्या तयार याद्या हा पहिला चकवा आहे. त्यांत वादकांची नावे क्वचितच धड कळतात आणि नाव कळले नाही तर पुढचा रस्ता खुंटतो. पाऊण तासाबाबत सोलापूरकराला वेगळे सांगायला नको: काही दिवसांआड येणाऱ्या नळाच्या पाण्याची पाळी ज्या दिवशी असेल, त्या दिवशी ऐकायला बसूच नये.

२. पहिला आठवडा: एकच रचना

ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसचा 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बाजारात आला. त्याची शिफारस सगळेच करतात, म्हणून ती टाळण्याचा मोह मला झाला होता. पण आपल्या श्रोत्यासाठी त्याहून सोयीचे दार मला अजून सापडलेले नाही. त्यातील 'सो व्हॉट' ही पहिली रचना, साधारण सव्वानऊ मिनिटांची, रोज एकदा ऐकावी. आठवडाभर दुसरे काही नको.

पहिल्या दिवशी काहीही शोधू नये. दुसऱ्या दिवशी फक्त बासकडे लक्ष द्यावे, कारण या रचनेत मुखडा बास वाजवतो आणि बाकीचे वादक त्याला दोन स्वरांचे उत्तर देतात. शाहिराने ओळ टाकावी आणि मागून झिलकऱ्यांनी 'जी जी' म्हणावे, तसा हा प्रकार आहे. एकदा तसे ऐकू आले की ते दोन स्वर विसरता येत नाहीत. तिसऱ्या दिवशी मुखडा संपून ट्रंपेट एकट्याने पुढे येते त्या क्षणी, साधारण दीड मिनिटावर, ड्रमवाला जिमी कॉब झांजेवर जो घाव घालतो तो ऐकावा आणि त्याचा नाद विरेपर्यंत त्याच्या मागे जावे.

स्वरांच्या बाजूने पाहिले तर पाश्चात्त्य ज्याला डोरियन म्हणतात ते स्वर म्हणजे आपल्या काफी थाटाचेच स्वर होत: गंधार आणि निषाद कोमल, बाकी शुद्ध. म्हणून घरात पेटी असेल तर काफीचे स्वर धरून सोबत बसता येते. मात्र इथे एक सावधगिरी हवी. पहिल्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणाचे मुख्य टेपयंत्र किंचित मंद चालत होते, त्यामुळे जुन्या प्रतींची पहिली बाजू मूळ वादनापेक्षा थोडी चढी वाजते. १९९० च्या दशकातील आवृत्त्यांत ही चूक सुधारली गेली. माझ्याकडे एका जुन्या तबकडीवरून उतरवलेली प्रत होती. सूर जुळेना म्हणून मी पेटी दुरुस्तीला देऊन आलो आणि दुरुस्त होऊन आल्यावरही ती जुळेना तेव्हा कोड्यात पडलो.

३. दुसरा आठवडा: आवर्तन मोजावे

ही पायरी मार्गदर्शकांत सहसा नसते आणि माझ्या मते सगळे इथेच आहे. जॅझमध्ये मुखडा एकदा वाजवून झाला की वादक मनाला येईल ते वाजवतात असा समज असतो. प्रत्यक्षात मुखड्याची लांबी आणि त्याखालचा स्वरांचा आराखडा कायम राहतो, तो पुन्हा पुन्हा फिरत असतो आणि एकेक वादक त्या फिरत्या आराखड्यावर आपला विस्तार करतो. आपण ज्याला आवर्तन म्हणतो त्याला ते लोक कोरस म्हणतात.

'सो व्हॉट'चा कोरस ३२ बारांचा आहे आणि एका बारात चार मात्रा आहेत, म्हणजे एकूण १२८ मात्रा. त्रितालाच्या हिशेबात ही बरोबर आठ आवर्तने झाली. पहिली चार आवर्तने एकाच काफीत जातात. पाचव्याच्या समेवर सगळा काफी अर्ध्या स्वराने वर सरकतो आणि दोन आवर्तने तिथे राहतो. शेवटची दोन पुन्हा मूळ जागी येतात. हा पूर्ण फेरा मिनिटभराच्या आत संपतो. बोटांच्या पेरांवर मोजत बसल्यास ट्रंपेटवर माइल्स डेव्हिसचे दोन फेरे, सॅक्सोफोनवर जॉन कोल्ट्रेनचे दोन, मग सॅक्सोफोनवरच कॅननबॉल अ‍ॅडरलीचे दोन आणि पियानोवर बिल एव्हन्सचा एक, असा हिशेब लागतो. सहाव्या की सातव्या दिवशी मला सातवे आवर्तन येण्याआधीच ते कळले, अंगावर काटा आला आणि मी मोजणी विसरलो. तुमचेही तसेच झाले तर खुशाल पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे.

साम्य मात्र फार ताणू नये. इथे खाली नाही, समेवर येऊन दाद घेण्याची रीत नाही; उलट चांगला वादक आपले वाक्य मुद्दाम समेच्या पलीकडे नेऊन सोडतो आणि नवख्याला तो चुकला असे वाटते. शिवाय 'सो व्हॉट'मध्ये खालचा आराखडा जितका सावकाश बदलतो तितका इतरत्र बदलत नाही. कोल्ट्रेनच्याच 'जायंट स्टेप्स'मध्ये तो दर दोन-चार मात्रांना बदलत राहतो; तिथे पेटी बंद करून नुसते ऐकणे शहाणपणाचे ठरते.

४. टाळी कुठे द्यावी

आपला हात सवयीने पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये चारपैकी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्यावा. ड्रमवाला डाव्या पायाने झांजांची एक जोडी त्याच दोन मात्रांवर मिटत असतो. तिचा 'चिक्' ऐकू येऊ लागला की हात आपोआप जागेवर येतो. त्यासाठी दोन-तीन दिवस लागतात आणि त्या काळात घरच्यांची चेष्टा सहन करावी लागते.

स्विंग म्हणजे काय हे मला पुस्तकापेक्षा आमच्या शेडने नीट समजावले. यंत्रमागाचा धोटा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे ठराविक, सारख्याच वेळात जातो. त्यात लय आहे, पण झोका नाही. स्विंगमध्ये मात्रेचे दोन अर्धे सारखे नसतात: पहिला रेंगाळतो, दुसरा आखूड होऊन पुढच्या मात्रेला ढकलतो. किती रेंगाळावे याचे माप ठरलेले नाही, ते वादकागणिक बदलते आणि लय जलद झाली की हा फरक कमी कमी होत जातो. आठ माग एकदम चालू असताना खाली उभे राहावे आणि नंतर वर येऊन जिमी कॉबची झांज ऐकावी, म्हणजे वेगळे काही समजावून सांगण्याची गरज उरत नाही.

इथपर्यंत आल्यावर जिभेला चव म्हणून डेव्ह ब्रुबेकच्या चौकडीचा 'टाइम आउट' (१९५९) ऐकावा. त्यातील 'टेक फाइव्ह', जी ब्रुबेकची नसून सॅक्सोफोनवादक पॉल डेसमंडची रचना आहे, पाच मात्रांची आहे आणि तीन-दोन अशी मोडते. 'ब्लू राँडो आ ला टर्क' नऊची आहे आणि दोन-दोन-दोन-तीन अशी चालते. झपताल मोजलेल्या माणसाला हे अवघड नाही.

५. यादीऐवजी नावे धरून पुढे जावे

वहीचे पान उभे दुभागावे. डावीकडे अल्बमचे नाव आणि ध्वनिमुद्रणाची तारीख, उजवीकडे प्रत्येक वादकाचे नाव आणि वाद्य. मग ज्याचे वादन आवडले त्याच्या मागे जावे. माझी वही अशी वाढत गेली:

मला बास आवडला, म्हणून पॉल चेंबर्स. 'काइंड ऑफ ब्लू'चा दुसरा दिवस, २२ एप्रिल, हा त्याचा वाढदिवस होता आणि त्या दिवशी त्याला चोवीस पूर्ण झाली. तोच चेंबर्स कोल्ट्रेनच्या 'ब्लू ट्रेन'वर (१९५७) आहे. तिथे ट्रंपेटवर ली मॉर्गन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा सापडतो आणि त्याचा माग काढत गेले की ड्रमवादक आर्ट ब्लेकीच्या 'मोनिन'पाशी (१९५८) पोहोचता येते, ज्याच्या मुखड्यात पुन्हा तेच सवाल-जवाब आहेत. या ठसठशीत, रांगड्या शैलीला हार्ड बॉप म्हणतात. शैलीचे नाव मला पुष्कळ नंतर कळले आणि त्याने काही बिघडले नाही.

अ‍ॅडरली आवडल्यास त्याचा 'समथिंग एल्स' (१९५८) घ्यावा. त्यात माइल्स डेव्हिस साथीला आहे आणि 'ऑटम लीव्ह्ज'ची सुरुवात रात्री दिवे मालवून ऐकण्यासारखी आहे. बिल एव्हन्स आवडल्यास न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातील क्लबात २५ जून १९६१ रोजी झालेल्या वादनाकडे जावे. 'संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड' आणि 'वॉल्ट्झ फॉर डेबी' हे दोन्ही अल्बम त्याच एका दिवसाचे आहेत. पियानोच्या मागे पेल्यांची किणकिण आणि लोकांची कुजबुज ऐकू येते, आणि बासवरील स्कॉट लाफारो नुसती साथ न करता पियानोशी बरोबरीने बोलतो. त्यानंतर दोन आठवडे उलटायच्या आत तो मोटार अपघातात गेला. हे माहीत नसताना ऐकलेले आणि माहीत झाल्यावर ऐकलेले वादन सारखे राहत नाही, म्हणून मी मित्रांना हे आधी सांगत नाही. इथे मात्र सांगून बसलो.

कोल्ट्रेनचा 'अ लव्ह सुप्रीम' (ध्वनिमुद्रण ९ डिसेंबर १९६४) तिसऱ्या-चौथ्या महिन्यात घ्यावा. चार भागांची, तेहतीस मिनिटांची ही ईश्वरस्तुती आहे आणि तिचा पाया चार स्वरांचा आहे. पहिल्या भागात ते चार स्वर नामजपासारखे घोळवले जातात. पंडित रविशंकरांवरील आदरापोटी कोल्ट्रेनने आपल्या मुलाचे नाव रवी ठेवले होते, हे कळल्यावर आपल्याकडच्या मंडळींचा या अल्बमकडे पाहण्याचा सूर एकदम मवाळ होतो, असा माझा अनुभव आहे.

या पायरीवरचे चकवे दोन. नव्या आवृत्त्यांत अल्बमच्या शेवटी त्याच रचनांची न वापरलेली वादने जोडलेली असतात. मूळ अल्बम किती रचनांचा होता ते पाहून तिथेच थांबावे, नाहीतर एकच गाणे तीनदा वाजते आणि कंटाळा अल्बमच्या नावावर जमा होतो. दुसरा, नावांचा घोळ. बिल एव्हन्स नावाचा एक सॅक्सोफोनवादकही आहे, त्याने १९८० च्या दशकात माइल्स डेव्हिसबरोबरच वाजवले आहे, आणि शोध घेताना हे दोघे हमखास एकमेकांत मिसळतात.

६. मग मागे जावे

जुने आधी आणि नवे नंतर असा शाळेतला क्रम इथे उपयोगाचा नाही. १९२० च्या दशकातील खरखरीतून सुरुवात करणारे बहुतेक जण तिथेच गळतात. कान तयार झाल्यावर ड्यूक एलिंग्टनच्या वाद्यवृंदाचे अमेरिकेतील न्यूपोर्ट येथील ७ जुलै १९५६ चे वादन घ्यावे. त्यात सॅक्सोफोनवादक पॉल गोन्सालव्हिस ब्लूज या बारा बारांच्या साच्याचे सत्तावीस फेरे एका दमात घेतो आणि श्रोते खुर्च्यांवर उभे राहतात. आडनावावरून आपल्याला तो गोव्याचा वाटतो. पण त्याचे घराणे आफ्रिकेच्या पश्चिमेकडील केप व्हर्डे बेटांचे. १९५६ च्या मूळ तबकडीत स्टुडिओत पुन्हा वाजवलेला भाग मिसळलेला होता, म्हणून १९९९ ची संपूर्ण आवृत्ती निवडावी.

सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर सर्वांत शेवटी. त्याचे 'को-को' (२६ नोव्हेंबर १९४५) तीन मिनिटांच्या आत संपते आणि पहिल्यांदा ऐकताना हाती काहीच लागत नाही.

७. मुंबईचा धागा

हे संगीत आपल्या कानांना तितके परके नाही. १९३५ साली लिऑन अ‍ॅबी हा अमेरिकी वादक आपला वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे हे वादन गोव्याच्या वादकांनी आत्मसात केले आणि दिवसा तीच मंडळी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाला बसू लागली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेट हे पुणतांब्यात जन्मलेल्या सी. रामचंद्रांचे सहायक होते आणि 'अलबेला' (१९५१) मधली त्यांची ट्रंपेट आपल्या आजी-आजोबांनी पितळी भोंग्यातून ऐकलेली आहे. ब्रुबेक १९५८ मध्ये आणि एलिंग्टन १९६३ मध्ये भारतात येऊन गेले. १९७८ पासून मुंबईत 'जॅझ यात्रा' हा संगीत महोत्सव भरू लागला.

तबलावादक झाकिर हुसेन आणि गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांच्या 'शक्ती' या चमूचे संगीत आपल्याकडचे लोक पहिल्यांदा ऐकवतात. ते आवडतेच, पण त्यातून जॅझकडे जाणारा रस्ता मला कधी दिसला नाही, म्हणून ते वेगळे ठेवावे. हर्बी हॅनकॉकचा 'हेड हंटर्स' (१९७३) आणि माइल्सचा 'बिचेस ब्रू' (१९७०) सहा महिन्यांनंतर. 'फ्री जॅझ' वर्षानंतर, घरात कोणी नसताना.

८. तबकड्या घ्यायच्या असतील तर

गरज नाही, पण मोह होतोच. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघून सकाळी मुंबईत उतरावे आणि चोरबाजार गाठावा. तबकडी उजेडात तिरकी धरून चरे पाहावेत, वेष्टनावरचे नाव आणि तबकडीच्या मधल्या कागदावरचे नाव जुळते का ते पाहावे. मी हे केले नाही आणि ब्रुबेकच्या वेष्टनातून घरी येऊन हवाईयन गिटार काढली. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांची खाच रुंद असते. तिला वेगळी सुई लागते, एलपीची सुई लावल्यास आवाज खराब येतो आणि सुईही झिजते. परतीच्या प्रवासात तबकड्या उभ्या ठेवाव्यात.

सोलापूरच्या उन्हाळ्याविषयी एवढेच: एप्रिल ते जून पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा उभ्या गाडीत तबकडी ठेवू नये. माझ्या दोन तबकड्या मे महिन्यात पापडासारख्या उचलल्या गेल्या. जाड पुस्तकांखाली दाबून त्या पूर्ववत झाल्या नाहीत.

९. बैठक: आवडते इतरांना कसे द्यावे

आम्ही पाच जण महिन्यातून एका रविवारी जुळे सोलापुरात एकाच्या घरी जमतो. नियम थोडे आहेत. प्रत्येकाने एकच रचना आणायची, दहा मिनिटांच्या आतली. वाजण्यापूर्वी वादक, वाद्ये आणि वर्ष एवढेच सांगायचे. थोरवी सांगायची नाही. वाजत असताना बोलायचे नाही आणि शेंगा खायच्या नाहीत. कोणाला आवडले नाही तर त्याला समजावत बसायचे नाही, ती रचना सहा महिन्यांनी पुन्हा आणायची. शिफारस करताना शैलीचे नाव सांगू नये, जागा सांगावी: 'दीड मिनिटावरची झांज ऐक' एवढे पुरते.

एका रविवारी लग्नाच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवणारे एक मास्तर आले होते. मी लुई आर्मस्ट्राँगचे 'वेस्ट एंड ब्लूज' (२८ जून १९२८) लावले. सुरुवातीला ट्रंपेट एकटीच आहे, खाली ठेका नाही, काही नाही. मास्तरांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि त्याची तीन बोटे पडद्यांवर दाबावीत तशी हलत होती. शेवटच्या फेऱ्यात आर्मस्ट्राँग एकच उंच स्वर जवळजवळ चार बार धरून ठेवतो. तिथे बोटे थांबली आणि मास्तरांनी स्वतःचाच श्वास रोखून धरला. स्वर सुटल्यावर त्यांनी श्वास सोडला आणि म्हणाले, "लग्नात असं धरलं तर वरात पुढं जाईल की हो." मग म्हणाले, "लावा परत."

त्या दिवशी इतर चौघांच्या रचना राहून गेल्या. तेव्हापासून एक नियम वाढवला आहे: पाहुण्याने मागितल्यास कोणतीही रचना दोनदाच लावायची, तिसरी वेळ चहानंतर.